विचारायचं तर मला विचारा

मी इंडिकेटर. मोटरसायकलचा, मागचा, उजव्या बाजूचा. पिवळी काच फुटलेली, रबराची मान मोडलेली, आत एक बल्ब तेवढा शाबूत. सध्या एका जाड कागदाच्या पाकिटात पडलोय, आणि मला राग आलाय. असा तसा नाही. तोंड असतं तर त्या चौकात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या घातल्या असत्या. पण तोंड नाही. कारखान्याने मला एकच शब्द दिला: वळतोय. तो मी आयुष्यभर इमानाने म्हटला. आणि आता एका कागदावर शिक्का मारून लोक म्हणतात की ज्या दिवशी म्हणायचा होता, नेमका त्या दिवशी मी म्हटलाच नाही.

जन्माची गोष्ट लांबवत नाही. आम्ही चार भावंडं, पुढची दोन, मागची दोन. पट्ट्यावरून सरकत होतो. डोक्याला जाळी लावलेली एक बाई प्रत्येकाला एकदा पेटवून बघायची आणि पुढे ढकलायची. माझ्या वाटणीला तिची एक नजर आली. आईची माया म्हणाल तर तेवढीच.

मग दुकान. तिथे एक दिवस दोघं भाऊ गाडी बघायला आले. धाकटा टांग टाकून बसला आणि आधी हॉर्न वाजवला. दादाने त्याला उठवलं, स्वतः बसला आणि आधी मला लावून बघितलं. मान वळवून मागे माझ्याकडे पाहिलं, खात्री केली. माणसाचा स्वभाव तो नव्या गाडीचं कुठलं बटण आधी दाबतो त्यावरून कळतो, हे मी तेव्हाच शिकलो.

दोघांचं काम पडदे बसवायचं. भिंतीला भोक पाडायचं, दांडी चढवायची, पडदा ओवायचा. वहिनी घरी मशीनवर पडद्यांच्या कडा शिवायच्या आणि हे दोघं ते घरोघरी नेऊन लावायचे. सोपं वाटतं, पण नसतं. दादा म्हणायचा, "गिऱ्हाईक ओरडतं पडदा वाकडा आहे म्हणून. पडदा कुठला वाकडा? भिंत वाकडी! पण भिंतीला कोण बोलणार?" धाकटा मात्र बोलायचा. भिंतीलाही आणि गिऱ्हाइकालाही. त्याचं डोकं म्हणजे दूध. वळून बघेपर्यंत उतू. शाळेने त्याला सोडलं की त्याने शाळेला, यावर घरात अजून एकमत नाही.

गाडी धाकटा चालवायचा. दादा मागे बसायचा, खांद्यावर दांड्यांचा जुडगा, मांडीवर ड्रिलची पिशवी. दोन्ही हात अडकलेले. म्हणून तोंडाने सांगायचा. वळण आलं की, "दिवा लाव." वळून झालं की, "ए, पिवळ्या अजून जळतोय." पिवळ्या म्हणजे मी. धाकटा मला विझवायला हमखास विसरायचा. मी सरळ रस्त्याला वळतोय वळतोय म्हणत वेड्यासारखा मिचकावत राहायचो. शेजारून जाणारा कोणी ओरडायचा, "अहो, इंडिकेटर!" की धाकटा तिथूनच, "लागू दे! बिल तुझ्या घरी येतंय का?" मग मागून हेल्मेटवर दादाच्या कपाळाची टक्कर बसायची. हात मोकळे नव्हते ना त्याचे.

मी रस्ता पाहिलाय. तुमच्यासारखा पुढे बघत नाही मी, मागे बघतो. मागून येणाऱ्यांचे चेहरे मला पाठ आहेत. निम्मे लोक आधी वळतात आणि मग इंडिकेटर लावतात, म्हणजे बारसं झाल्यावर पत्रिका वाटल्यासारखं. काही जण उजवा लावून डावीकडे जातात. काहींना वाटतं, हॉर्न आहे तर इंडिकेटर कशाला. आणि पुढच्याने लावलेला बघून वेग कमी करण्याऐवजी वाढवणारे? त्यांना वाटतं, हा वळायच्या आत आपण निसटू. त्या जातीचा राग मला सगळ्यात जास्त आहे. का, ते सांगतो.

त्या दुपारी एका दातांच्या दवाखान्याचे पडदे लावून दोघं निघाले होते. दवाखान्याच्या डॉक्टरने सगळे पडदे उलटे लावून घेतले होते, फुलांची बाजू रस्त्याकडे. म्हणाला, "पेशंटचं लक्ष दातावर पाहिजे, फुलांवर नको." दादाला ते आठवून हसू आवरत नव्हतं. दांड्या खांद्यावर खुळखुळत होत्या. हसण्याच्या नादात वळण आलं तरी तो "दिवा लाव" म्हणाला नाही. पहिल्यांदाच.

आणि धाकट्याने मला लावलं. न सांगता. आपणहून. ऐकताय ना? त्याने लावलं. मी पेटलो, विझलो, पेटलो. मागे खडीचा ट्रक होता. मी त्याच्या चालकाचा चेहरा पाहिला. तो खाली मांडीकडे बघत होता. वर बघितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर तेच आलं, निसटू आपण. ट्रक उजवीकडून पुढे घुसला. पहिला धक्का मला बसला.

पुढचं मी सांगणार नाही. दांड्या रस्ताभर पसरल्या होत्या, एवढंच. धाकट्याचा हात मोडला. दादा इस्पितळापर्यंत पोचला नाही.

ट्रकवाल्याने सांगितलं, "यांनी इंडिकेटर दिलाच नाही." पोलीस सगळं झाल्यावर आला होता. त्याने वाकून माझ्याकडे पाहिलं. फुटलेली काच, विझलेला दिवा. अरे, तार तुटल्यावर विझणार नाही तर काय आरती ओवाळणार? पण त्याने लिहून घेतलं. काही दिवसांनी घरी कागद आला. धाकट्याच्या नावावर. इशारा न देता वळण घेतले. दंड भरा, नाहीतर न्यायालयात हजर राहा. अपघाताची मोठी चौकशी वेगळी चालू होती. हा आपला साधा दंडाचा कागद, चुकीच्या जागी गाडी लावल्यावर येतो तसाच. एका माणसाचा जीव गेला आणि त्याच्यावर हे एवढंसं चिटोरं.

धाकट्याने गाडी पोलिसांच्या आवारातून सोडवून आणली ती टेम्पोत घालून. घरापाशी उतरवल्यावर सगळ्यात आधी त्याने मला उचकटून काढलं आणि मुठीत धरलं. गाडीवर ताडपत्री टाकली. त्या दिवसापासून मी त्याच्या शर्टाच्या खिशात.

दोघांना काम देणारा, पडद्यांच्या दुकानाचा मालक भेटायला आला तेव्हाही मी खिशातच होतो. मालक वाईट माणूस नाही. बसला, पाणी प्यायला, कागद वाचला आणि म्हणाला, "भर आणि मोकळा हो."

"मोकळा म्हणजे?"

"अरे, चिल्लर दंड आहे. याच्यासाठी का कोणी वकील करतं? माझे तर असे कितीतरी आलेत. वाचतसुद्धा नाही मी, भरून टाकतो."

"तुमच्या मागे कोण बसलं होतं?"

मालकाने कागद खाली ठेवला. धाकटा थांबला नाही. "भरला म्हणजे कबूल केलं. कबूल केलं म्हणजे दादाला मी मारलं. हे मी सही करून देऊ? आणि पावती घेऊन येऊ? मी दिला होता इंडिकेटर. दिला होता, दिला होता, दिला होता!"

आतल्या खोलीत शिलाईचं मशीन चालू होतं ते थांबलं. त्याचा आवाज चढला की वहिनींचं मशीन थांबायचं, आणि तो गप्प झाला की पुन्हा चालू व्हायचं. अपघातानंतर त्या दोघांमध्ये एवढंच बोलणं होतं.

मालक गेल्यावर आई म्हणाली, "चुकीचं काय सांगत होता तो? भर बाबा. एकाला उचलून नेलेलं बघितलं, आता दुसऱ्याला पिंजऱ्यात उभं राहिलेलं नको बघायला."

"पिंजरा नसतो गं आई याला."

"नसू दे. मला सगळे पिंजरेच दिसतात."

तरी तो वकिलाकडे गेला. रागाच्या भरात गेला, विचार करून नव्हे. कापडदुकानाच्या वर एक छोटी खोली, खुर्चीवरही फायली, म्हणून त्याला स्टुलावर बसावं लागलं. वकीलबाई चष्मा कपाळावर चढवून सफरचंद कापत होत्या. त्यांनी कागद वाचला.

"इंडिकेटर दिला होतात?"

"दिला होता! शंभरदा सांगितलं!"

"मला पहिल्यांदाच सांगताय," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि आवाज खाली. ओरडून सांगितलेलं जास्त खरं असतं, असं काही कायद्यात नाही."

मग त्या म्हणाल्या, की असल्या कागदासाठी वकील करू नका असं सांगून त्या स्वतःच निम्म्या लोकांना परत पाठवतात. "पण तुमचं वेगळं आहे. तुम्ही हा दंड भरला की ट्रकवाले मोठ्या चौकशीत तोच कागद नाचवतील. भरू नका. पोलिसाने स्वतः काही पाहिलेलं नाही. ट्रकवाल्याच्या शब्दाला दुसरा साक्षीदार नाही. संशयाचा फायदा तुम्हाला. सुटाल."

"सुटाल नको. दिला होता असं सिद्ध करा." त्याने खिशातून मला काढून टेबलावर ठेवलं. "हा बघा. हा होता लागलेला."

बाईंनी हात लावला नाही. टेबलावरचा दिवा ओढून माझ्यावर धरला, चष्मा खाली घेतला, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. कारखान्यातल्या त्या बाईनंतर इतकं नीट कोणी बघितलं नव्हतं मला.

"या बल्बच्या आत केसासारखी तार असते," त्या म्हणाल्या. "दिवा चालू असला की ती तापून मऊ होते. तेवढ्यात धक्का बसला तर ताणली जाते, लोकरीचा धागा उसवल्यासारखी. बंद असताना धक्का बसला तर ती कडक असते, कट्‌कन तुटते. प्रयोगशाळेत मोठ्या भिंगाखाली कळतं. मागे एका प्रकरणात मी हे पाहिलंय."

"मग पाठवा ना!"

"पूर्ण ऐका. एक तर हा मिचकावणारा दिवा. अर्धा वेळ पेटलेला, अर्धा वेळ विझलेला. धक्का नेमका विझलेल्या क्षणी बसला असेल, तर तुम्ही दिलेला असूनही तार नाही म्हणू शकते. आणि दुसरं." त्यांनी सफरचंदाची फोड बाजूला ठेवली. "दिलाच नसेल, तर तेही कळेल. एकदा विचारलं की आलेलं उत्तर मला लपवता येणार नाही. त्यामुळे माझा सल्ला विचाराल तर याला मोडू नका, फेकू नका, जपून ठेवा. पण आपणहून पुढे करू नका. तुम्ही तसेही सुटताय."

धाकटा खुर्चीवरच्या फायलींकडे बघायला लागला.

तेव्हा मला जो राग आला तो ट्रकवाल्याचासुद्धा आला नव्हता. अरे, भिंतीशी भांडणारा तू! मालकाला, आईला, पोलिसाला, सगळ्या जगाला ओरडून सांगणारा तू! आणि आता समोर मी पडलोय, भिंग आहे, विचारायची सोय आहे, तर तुझी दातखीळ बसली? विचार ना! का गप्प आहेस? पण त्याने मला उचलून परत खिशात टाकलं आणि "सांगतो" म्हणून जिना उतरला. छातीपाशीच होतो, म्हणून ऐकू आलं. त्याचं काळीज माझ्यासारखं चाललं होतं, लागतंय, थांबतंय.

घरी आल्यावर त्याने मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि आईला सगळं सांगितलं.

"सुटतोयस ना? मग झालं!" आईचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा सैल झाला. "कर तीच वकील. आणि हे भंगार कशाला घरात?" तिने मला उचललं ते सरळ केराच्या डब्याकडे.

"आई, ठेव ते!"

"नको मला हे डोळ्यांसमोर!"

"ठेव म्हणतो ना!"

मशीन थांबलं. या वेळी वहिनी बाहेर आल्या. बोटात अजून शिवायचं अंगुस्तान, खांद्यावर मोजपट्टी. त्यांनी आईच्या हातातून मला घेतलं, टेबलावर ठेवलं आणि समोर बसल्या.

"भावोजी, बसा."

तो बसला.

"तुम्ही मालकांना सांगितलंत. पोलिसांना सांगितलंत. परवा दूधवाल्यालाही सांगत होतात. दिला होता म्हणून." त्यांचा आवाज बारीक होता, पण हलत नव्हता. "मला एकदाही सांगितलं नाहीत."

"तुम्ही ऐकताच की आतून."

"ओरडलेलं ऐकते. सांगितलेलं नाही. आता सांगा. दिला होतात?"

आई म्हणाली, "सूनबाई, नको गं. सोड त्याला."

धाकट्याने प्लास्टरमधल्या हाताकडे बघितलं. मग इतक्या हळू म्हणाला की मला वाटलं दुसरंच कोणी बोललं.

"मला आठवत नाही, वहिनी."

आईने तोंडाला पदर लावला.

"रोज आठवून बघतो. वळण आठवतं. दांड्यांचा आवाज आठवतो. दादा दिवा लाव म्हणाला की मी लावायचो. त्या दिवशी तो म्हणाला नाही. मग मी लावला का? लावला असेल. मला वाटतं लावला. पण अंगठा दिसत नाही मला, वहिनी. माझाच अंगठा मला दिसत नाही."

म्हणजे हा गडी इतके दिवस जगावर नव्हता ओरडत. स्वतःला पटवत होता. आणि मी तिथे दोन फुटांवर, सगळं माहीत असून लाकडाच्या ठोकळ्यासारखा! घडवणाऱ्यांनो, एवढी तार घातलीत, एवढी काच घातलीत, थोडा आवाज घातला असता तर काय बिघडलं असतं तुमचं?

वहिनी बराच वेळ मोजपट्टी गुंडाळत राहिल्या. मग त्यांनी विचारलं ते भलतंच.

"म्हणाले का नाहीत दिवा लाव?"

"हसत होता."

"हसत होते?"

"दवाखान्यातले पडदे... तो डॉक्टर म्हणाला, पेशंटचं लक्ष दातावर पाहिजे. फुलं रस्त्याकडे करून घेतली त्याने सगळी."

"ती गुलाबी? मी आठवडाभर ती फुलं जुळवत बसले होते!" वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि मध्येच मोडलं. "मला कोणी सांगितलंच नाही ते हसत होते म्हणून."

आई वहिनींजवळ जाऊन उभी राहिली.

"दंड भरून मोकळे व्हा, नाहीतर वकील करून सुटा," वहिनी शेवटी म्हणाल्या. "मी अडवणार नाही. पण मग तुम्ही आयुष्यभर ओरडणार आणि मी आयुष्यभर मशीन थांबवून ऐकणार. मला ते नाही जमायचं."

"आणि उत्तर वाईट आलं तर?"

"तर जेवायला याच टेबलावर बसायचं. बोलेन की नाही ते आत्ता नाही सांगत. खोटं कशाला बोलू तुमच्याशी?"

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तो जिना चढला. वकीलबाईंनी कागद पुढे सरकवले. त्याने मला कागदांवर ठेवलं.

"तुम्हाला वकील करायचंय. पण सोडवायला नाही. याला विचारायला."

"त्यासाठी वकील कशाला? अर्ज करायचा आणि..."

"मला नीट विचारता येत नाही. माझं डोकं फिरतं. मी विचारायला गेलो की भांडतो. तुम्ही विचारा."

बाईंनी चष्मा काढला. "उलटं उत्तर आलं तर?"

"दंड भरीन."

"मी दंडाचं नाही विचारत."

"माहितेय मला."

त्याने डाव्या हाताने सही केली. वाकडीतिकडी आली. बाईंनी मला कापसात गुंडाळलं, पाकिटात घातलं, चिकटवलेल्या कडेवर लाख लावली. धाकट्याने ते पाकीट मागून घेतलं आणि परत देण्याआधी एकदा मुठीत धरलं. नेहमीसारखं घट्ट नाही. अंडं धरावं तसं.

तर असा मी, प्रयोगशाळेच्या बाकड्यावर, माझ्या पाळीची वाट बघत. आसपास भिंगं आहेत, दिवे आहेत, पांढरे डगले घातलेली माणसं आहेत. आणि आता खरं सांगतो, कारण इथून पुढे बोलायला मिळेल न मिळेल. त्याने मला लावलं होतं हे मला जेवढं पक्कं माहीत आहे, तेवढं पक्कं हे माहीत नाही की धक्का बसला तेव्हा मी उजेडात होतो की अंधारात. माझ्या तारेवर काय उमटलंय ते मला वाचता येत नाही. मीच एक साक्षीदार, आणि माझीच साक्ष माझ्या ताब्यात नाही. याचा राग कोणावर काढू?

गाडी चालवणाऱ्यांनो, तुमच्यावर काढतो. पुढच्याचा दिवा लागलेला दिसला की थांबा. त्याला वळू द्या. तुम्ही वाचवता ती दोन मिनिटं काय करता हो? कुठे साठवून ठेवली आहेत?

आणि भिंगवाल्या ताई, तुम्ही येताय. हात सुका ठेवा, काच हळू उचला. दिसेल तेवढंच लिहा. तार गप्प असेल तर तार गप्प आहे असं लिहा, माझ्या गप्प राहण्याचं कुभांड त्या पोराच्या माथी मारू नका.

धाकट्या, तू इथे नाहीस, आणि असतास तरी तुला ऐकू गेलं नसतं. तरी सांगतो. उत्तर काहीही येऊ दे. मी पेटलो होतो तो तुझ्याच अंगठ्याने. तू दिला होतास.